मदत हवी आहे: जंगल न तोडता शेती शिकवायचीय, पिकं कोणती सांगू?

परळवासी:
नमस्कार, घाईत लिहितोय. रविवारी परळला आमच्या ग्रामस्थ मंडळाची मीटिंग आहे, तिथे काहीतरी ठोस मांडायचंय. गावी लोक जंगल साफ करून डोंगर रबर नाहीतर अननसाला देतायत, मे महिन्यात चाकरमानी जातात, उघडा डोंगर बघून हळहळतात आणि परत मुंबई. मला गावात शिबिर घ्यायचंय, झाडं ठेवून त्यांच्याखाली पीक कसं घ्यायचं यावर. कोणती पिकं, कोण शिकवेल, प्लीज लवकर सांगा.

घाटवाट:
गाव कुठलं? पाणी आहे का? जमीन एकाची की सामाईक? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

नारळीबाग:
सरळ लाखी बाग करा. भाट्ये नारळ संशोधन केंद्राची पद्धत आहे, नारळात मिरी, जायफळ, दालचिनी. आमच्या काकांची आहे, मिरीचे चांगले पैसे होतात.

घाटवाट:
अहो त्याला आधी नारळ लागतो आणि उन्हाळ्यात पाणी लागतं. इथे उभं जंगल वाचवायचंय. ऐन, किंजळ, फणस आहेत तसे ठेवा, पहिल्या पावसात त्यांच्याच बुंध्याशी मिरी लावा, उत्तरेच्या बाजूला, बुंध्यापासून फूटभर सोडून. कोकम सावलीत होतो, पण बियांची रोपं वाटू नका, निम्मी नर निघतात आणि ते कळेपर्यंत लोकांचा विश्वास जातो. कलमंच द्या.

माडाची_राय:
थंय हत्ती येतत काय? दोडामार्गाकडचे असशात तर केळी नि माड सांगूच नकात, हत्ती पयले तेच मोडतत.

परळवासी:
हो, दोडामार्ग तालुका, तिळारीच्या बाजूला. हत्ती येतात. पाणी नाही. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर ढीगभर नावं, अर्धी माणसं मुंबईत.

नियमाने_चला:
सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून हायकोर्टाची वृक्षतोड बंदी आहे. शिबिर कशाला, तक्रार करा.

परळवासी:
तक्रार कोणावर करू, चुलत्यांवर? मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते म्हणून दिलं त्यांनी रान.

गॅलरीतली_बाग:
मिरीचा विषय निघालाच आहे तर, बोरिवलीला आमच्या गॅलरीत ऊन अजिबात येत नाही, कुंडीत मिरी जगेल का?

नारळीबाग:
जगेल, पाणी साचू देऊ नका. आणि परळवासी, नारळ बाजूला ठेवा पण जायफळाचा विचार कराच.

घाटवाट:
पाणी नाही सांगितलंय त्यांनी, जायफळ कसलं! परळवासी, सामाईक जमीन असेल तर ठेकेदार सह्या घ्यायला मुंबईतच येतो ना? म्हणजे रान विकणारे निम्मे लोक रविवारी तुमच्यासमोर बसणार आहेत. पहिलं शिबिर तिथेच घ्या. ठेकेदार तोडीचे एकदाच किती देतो आणि मिरी-कोकम धरल्यावर दरवर्षी घरटी किती येतील, हा हिशोब मांडा. पण मिरीला तीनेक वर्षं थांबावं लागतं हेही आधीच सांगा.

परळवासी:
सातबारा घेऊनच जातो रविवारी. मिरीची रोपं आणि कोकमाची कलमं पावसाआधी कुठे मिळतील, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात की भाट्येला? कोणी अलीकडे आणलीयत का?