हट्टी-मस्की पट्ट्यातल्या जुन्या सोन्याच्या खाणी: खड्डे ओळखायचे कसे?

माळावरची
नमस्कार मंडळी, एमएस्सी जिऑलॉजीच्या डिझर्टेशनला रायचूर जिल्ह्यातला हट्टी-मस्की पट्टा मिळालाय. चालू खाणीच्या लीजमध्ये जायचं नाहीये, बाहेर माळावरचे जुने खड्डे आणि प्रॉस्पेक्ट (सोनं शोधायला खणून पाहिलेल्या जागा) मॅपवर आणायचेत. टोपोशीट (उंचसखल दाखवणारा नकाशा) आहे, भूकोश या सरकारी भूवैज्ञानिक पोर्टलवरून लेयर पण घेतलाय, पण सॅटेलाइट फोटोत जिकडे तिकडे खड्डेच दिसतात, त्यात विहीर कुठली, मुरमाची खाण कुठली आणि सोन्याची कुठली काही कळेना. सॅम्पल कुठून घेऊ तेही सांगा.

हातोडी_भिंग
अगं आधी आकार बघ. विहीर गोल नाहीतर चौकोनी, शेताला लागून. मुरमाचा खड्डा पसरट, ट्रॅक्टरची वाट थेट आत गेलेली. जुनी खाण खडकातल्या सोन्याच्या शिरेच्या मागे मागे जाते, म्हणजे लांबट चर, हट्टीकडे साधारण उत्तर-वायव्य ते दक्षिण-आग्नेय, एका रेषेत चार-पाच, आणि काठावर फोडलेल्या गारेचा (क्वार्ट्झचा) ढीग. खरी माहिती त्या ढिगात असते. दगड ओला करून भिंग लाव, धुरकट गार, तिला चिकटलेले तपकिरी बायोटाइटचे (अभ्रकाचे) पापुद्रे आणि मधेच चांदीसारखं चमकणारं आर्सेनोपायराइट हे खनिज दिसलं की जागा बरोबर. सोनं नुसत्या डोळ्यांना दिसेल या आशेवर राहू नकोस, टनामागे काही ग्रॅमचा मामला आहे.
सॅम्पल घेताना चांगली दिसणारी गार वेचू नकोस, रिझल्ट उगाच फुगतो. ढिगाच्या सगळ्या बाजूंनी थोडं थोडं घे. शीर उघडी असेल तर तिला आडवं छिलून घे, रुंदी लिही, आणि बाजूचा अँफिबोलाइट (शिरेशेजारचा गडद खडक) वेगळ्या पिशवीत, कारण तिथे सोनं नुसत्या गारेत नसतं, शेजारच्या बदललेल्या खडकातही असतं.

दुआबवाला
वरचं सगळं पटलं, त्यात एक भर. आसपासच्या सपाट खडकांवर वाटीएवढे गुळगुळीत खळगे शोध, तिथे खनिज कुटायचे. जुने लोक खडकाला आग लावून तापवायचे, मग पाणी ओतून तडकवायचे, आणि अशा रीतीने हट्टीत सहाशे फुटांच्या आसपास खाली गेलेत! आतल्या लाकडाचं कार्बन डेटिंग सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं आलंय. मस्कीचा अशोकाचा शिलालेख, ज्यात त्याचं नाव स्पष्ट आहे, तोही 1915 मध्ये बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरलाच सापडला. म्हणून कळकळीने सांगतो, खळगे, दगडी वरवंटे, खापरं जागची हलवू नकोस. स्केल ठेवून फोटो, जीपीएस, बास.

पिवळं_हेल्मेट
ताई, आत उतरायचं नाही, दोरी असली तरी नाही. खोल खड्ड्यात खराब हवा तळाला साचते, वास येत नाही, माणूस आवाज न करता खाली बसतो. काठ पण खालून पोकळ असतात, टोकाला उभं राहून फोटो काढू नकोस. पावसाळ्यानंतर लगेच गेलीस तर गवतात तोंड झाकलेलं असतं, जानेवारी-फेब्रुवारी बरा. कॉलेजचं पत्र आणि कन्नड बोलणारा माणूस सोबत ने. आणि मेंढपाळांना विचार, कुठल्या खड्ड्यात शेळी पडते हे त्यांना पाठ असतं.

माळावरची
खूप आभार सगळ्यांचे. ढिगातली गार गावकऱ्यांनी बांधाला वापरली असेल तर ती सॅम्पल म्हणून चालेल का?

हातोडी_भिंग
नाही, कुठल्या खड्ड्याची ते कळणार नाही. पण बांधाचं लोकेशन टिपून ठेव, जवळपास बुजलेली खाण असू शकते.