कूतचा वेढा (१९१५-१६): सगळं खापर टाउनशेंडवर फोडणं बरोबर आहे का?

रानवाटा:
पहिल्या महायुद्धातल्या चुका म्हटलं की लोक गॅलिपोलीवर बोलतात, सोमवर बोलतात, मेसोपोटेमिया (आजचा इराक) कोणाला आठवतच नाही. आणि तिथं तर आपली माणसं होती हो. ६ व्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कांकडून बसरा घेतलं, तेलाची पाइपलाइन सुरक्षित झाली, काम तिथंच संपलं होतं खरं तर. पण एकेक गाव सहज हाती लागत गेलं, अमारा, मग टायग्रिस नदीकाठचं कूत, आणि मोहिमेचा सेनापती जनरल निक्सनला बगदाद दिसायला लागलं. बसऱ्याहून बगदाद नदीतून ८०० किलोमीटरच्या आसपास, ना धड रस्ता ना रेल्वे, पीठ, दाणावैरण, दारूगोळा सगळं टायग्रिसमधून बोटीनं न्यायचं आणि बोटी तर पुऱ्या पडतच नव्हत्या. डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडनं आधी लेखी कळवलं होतं की एवढ्या फौजेवर बगदाद नको, तरी लंडन आणि सिमल्याच्या सरकारांनी होकार दिला, कारण गॅलिपोलीत नाक कापलं गेलेलं आणि कुठंतरी विजय दाखवायचा होता. माझ्या मते दोष आधी निक्सनचा आणि त्याला हो म्हणणाऱ्यांचा.

जुना_नकाशा:
अजिबात पटत नाही. बगदादजवळच्या टेसिफोनपर्यंत ठीक आहे, हुकूम होता म्हणून गेला. २२ नोव्हेंबर १९१५ ला लढाई झाली, साडेचार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे जवळपास निम्मी फौज, मागे फिरणं भाग होतं. पण कूतला थांबायचं कोणी ठरवलं? त्यानंच. नदीच्या वळणात, तिन्ही बाजूंनी पाणी अशा जागी स्वतःला कोंडून घेतलं, आणि तुर्कांनी वेढलं. आणि मग धान्याचा घोळ. सुरुवातीला वर कळवलं की साठा फार दिवस पुरणार नाही, म्हणून सुटकेला निघालेल्या जनरल एल्मरनं सगळी फौज जमायची वाट न बघता धाव घेतली. २१ जानेवारीला कूतच्या वाटेवर हन्नाला पावसात, चिखलात समोरून हल्ला, २,७०० च्या आसपास माणसं गेली. आणि त्यानंतर कुठं गावातल्या घरांची नीट झडती घेतली तर धान्य निघालं, वेढा पुढे एप्रिलअखेरपर्यंत चालला! वेढ्यातल्या १३,००० लोकांना सोडवायला बाहेर २३,००० माणसांचं नुकसान झालं, ह्याला तुम्ही निक्सनची चूक म्हणणार?

गोदाकाठ:
तुमचं दोघांचं वाचलं, पण जखमींचं कोणीच बोलत नाही. टेसिफोनला जखमी काही शेकडा होतील असा हिशोब धरलेला, झाले साडेतीन हजार. त्यांना बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांतून, खालच्या लोखंडी पट्ट्यांवर टाकून, नदीपर्यंत आणलं, मोडलेल्या हाडांसकट. 'मेजिदिये' बोट बसऱ्याला लागत होती तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर आपल्या हॉस्पिटल बोटीवरून बघत होते, त्यांना लांबून वाटलं बोटीला दोरखंड लोंबतायत. जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे, माणसं इतकी खच्चून भरलेली की जखमींना हलता येत नव्हतं, कडेवरून जे गेलं ते तसंच सुकलं. कार्टरनी रिपोर्ट दिला तर त्यांनाच दमदाटी झाली. ती बोट टाउनशेंडनं नाही पाठवली, हॉस्पिटलच्या बोटी मागवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यामुळे मी रानवाटांच्या बाजूनं.

मावळपट्टा:
अजून एक. टाउनशेंड नंतर हिंदी शिपायांना दोष देत राहिला की घोड्याचं मांस खाल्लं नाही म्हणून कमजोर झाले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली तरी पुष्कळ जण तयार नव्हते, हे खरं आहे. पण ज्या माणसानं आयुष्यात कधी ते ताटात घेतलं नाही, ज्याला गावी परत जाऊन जातीत राहायचंय, त्याला उपासमारीच्या ऐन मध्यात हे सांगताय! भाजी नाही म्हणून स्कर्व्हीनं हिरड्या सुजलेल्या, पीठ रोज कमी होत चाललेलं. माझ्या आजोळी चावडीच्या भिंतीत दगडी पाटी आहे, १९१४ ते १९१९ च्या युद्धात गावातून किती गेले आणि किती परत आले नाहीत एवढाच आकडा, नावं नाहीत. लहानपणी त्यावर हात फिरवायचो, तेव्हा काही कळायचं नाही. त्यातले कोण कूतला होते हे आता कोणाला विचारणार.

जुना_नकाशा:
मावळपट्टा, हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण म्हणूनच मी टाउनशेंडला सोडत नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, त्यानंतर हा तुर्कांच्या कैदेत, पण इस्तंबूलजवळच्या प्रिन्किपो बेटावर आरामात, कैदेत असतानाच सर किताब, आणि शिपाई वाळवंटातून पायी रेल्वेच्या कामावर, हजारोंनी मेले वाटेत आणि छावण्यांत. त्यांच्यासाठी त्यानं आवाज उठवायला हवा होता.

रानवाटा:
तो आरोप शंभर टक्के मान्य, त्याला माफी नाही. पण मोहीम का बुडाली हा प्रश्न वेगळा आहे. त्याच नदीवरून नंतरचा सेनापती जनरल मॉडनं ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतलंच ना? आधी बसऱ्याला धक्के बांधले, बोटी वाढवल्या, रेल्वे टाकली, माणसं जमवली, मग निघाला. १९१७ च्या चौकशी आयोगानं निक्सनवर सगळ्यात जास्त ठपका ठेवला, व्हाइसरॉय हार्डिंज आणि सरसेनापती डफ ह्यांनाही धरलं, भारतमंत्री चेंबरलेननी राजीनामा दिला. हे उगाच झालं का?

जुना_नकाशा:
उगाच नाही. मॉडला बोटी मिळाल्या, टाउनशेंडला मिळाल्या नाहीत, हेही मान्य. पण डिसेंबरातच कूतमधली कोठारं मोजायला बोट लागत नव्हती.