फ्लाय फिशिंग क्लबमध्ये जायचंय, पण त्यांचं ‘संवर्धन’ खरं आहे हे ओळखायचं कसं?

पाणकावळा:
दोन वर्षं एकट्यानेच फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसांची नकली माशी बांधून मासे पकडणं, शिकतोय. व्हिडिओ बघायचे, मैदानात गवतावर कास्टिंग, म्हणजे दोरी फेकायचा सराव, करायचं, मग नदीवर जाऊन झाडं पकडायची. मागच्या महिन्यात स्वतःचाच कान पकडला. गळ निघता निघेना, शेवटी डॉक्टरकडे जावं लागलं.

आता जवळच्या क्लबात जावं म्हणतोय. त्यांच्या पत्रकावर ‘मासे सोडून देतो, नदी जपतो’ असं ठळक लिहिलंय. पण परवा डोकावलो तर भिंतभर फोटो, आणि प्रत्येकात कुणीतरी मासा छातीपर्यंत उचलून, कोरड्या हातांनी घट्ट धरून हसतंय. तेव्हापासून मन मागे-पुढे होतंय. वर्गणी भरण्याआधी नेमकं काय विचारू?

आणखी एक, जरा लाजतच विचारतो. मी अजून दात असलेलेच (टोकामागे उलटा काटा असलेले) गळ वापरतो, बिनदाती गळावरून मासा सुटतो म्हणून. हे तिथे सांगितलं तर हसतील का?

उलटीधार:
कानात गेला तो दात असलेलाच गळ होता ना? मग माशाच्या बाजूचं उत्तर तुम्हाला डॉक्टरकडेच मिळालंय. :)
हसणार कुणी नाही. कान, टोपी, पाठ, सगळ्यांचं झालेलं असतं. पकडीने दात दाबून टाका आणि लाइन ताणलेली ठेवा. दोरी सैल पडली की मासा सुटतो, दात असो वा नसो.

जुनीपक्कड:
अकरा वर्षं एका क्लबात आहे, त्यातली सहा नदीची नोंदवही माझ्याकडे होती. त्या भरवशावर सांगतो. यंदा किती मासे मिळाले हे विचारू नका. विचारा, यंदा किती दिवस नदीवर जाऊनही गळ टाकला नाही?

आमच्याकडे एकाच्या जाकिटाला दोरीने थर्मामीटर बांधलेला असायचा. ट्राउट (थंड पाण्यातला मासा) असलेल्या पाण्याचा पारा २० अंशांवर गेला की रॉड गाडीत. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि झुंज देऊन दमलेल्या माशाला तर तो जास्तच लागतो. सोडल्यावर मासा झपकन निघून जातो, आपण खूश होतो. तो तासाभराने खाली कुठे उलटा पडला, हे कोण बघायला जातंय? पहिल्या वर्षी मला हा नियम म्हणजे म्हाताऱ्यांचा चाळा वाटला होता. तीन तास गाडी चालवून जायचं आणि थर्मामीटर बघून परत यायचं!

फोटोंचं तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. १९९२ साली रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मासे पार दमवले. ज्यांना हवेत काढलंच नाही त्यांतले १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांतले ३८ टक्के आणि मिनिटभर ठेवलेल्यांतले ७२ टक्के. प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, आकडे जसेच्या तसे नदीला लावू नका. पण तेव्हापासून मी फोटो काढायचाच तर मासा पाण्यातल्या रबरी जाळ्यात असतानाच काढतो. हात आधी ओले करायचे, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याचं रोगांपासूनचं कवच असतो. कल्ल्यांना बोट लावायचं नाही. टिपेट, म्हणजे गळाला बांधलेला दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, फार बारीक घेऊ नका. तो तुटू नये म्हणून आपण माशाला खेळवत बसतो आणि मासा तिकडे संपत येतो.

माझी स्वतःची चूकही सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात उथळ पाण्यातून मस्त चालत निघालो होतो. काठावरून एक ज्येष्ठ सभासद ओरडले, “जागेवर उभा राहा!” वाटलं, पाय खोल खड्ड्यात जातोय. खाली बघितलं तर शेवाळलेल्या खडीत मध्येच घासून धुतल्यासारखा दीड-दोन हातांचा उजळ पट्टा. मादीने शेपटीने खडी उकरून त्यात अंडी घातली होती. माझं एक पाऊल त्यावर पडलेलं होतं. ते पुढे काही बोलले नाहीत. ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे फिरलो.

आणि हो, त्यांच्याकडे पांढरा ट्रे आहे का बघा. आम्ही जाळी धरून तळ तीन मिनिटं पायाने ढवळायचो, आणि जाळीत आलेलं ट्रेमध्ये ओतून मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या मोजायचो. एखाद्या महिन्यात मेफ्लायच्या अळ्या एकदम गायब झाल्या तर नदीत वरच्या बाजूला कुणीतरी काहीतरी घाण सोडलंय असा संशय घ्यायला जागा असते. शिवाय डबीतल्या पिसांच्या माशा कुणाची नक्कल आहेत, ते मला त्या ट्रेतच पहिल्यांदा कळलं. त्याआधी मी नुसते रंग बघून घेत होतो.

खडकाळ:
वरचं सगळं मान्य, पण एक प्रश्न राहिला. मासे मूळचे तिथले आहेत की आणून सोडलेले? दरवर्षी हॅचरीतले (कृत्रिमरीत्या अंडी उबवून वाढवलेले) मासे ओतायचे आणि मग ते पकडून सोडायचे, याला मी तरी नदी जपणं म्हणत नाही. अमेरिकेत मोंटानाने १९७४ मध्ये जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत हॅचरीचे मासे सोडणं थांबवलं, कारण मॅडिसन नदीवर दिसलं होतं की भर घालणं बंद केलं तर नदीतच जन्मलेले जंगली मासे वाढतात. आणि ज्या ब्राउन व रेनबो ट्राउटसाठी आपण जीव टाकतो, ते दोन्ही जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत. क्लबात हा विषय काढा. कोण चिडतं ते बघा.

बुटांचंही विचारा. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं आणि २००८ मध्ये बुटांच्या फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या जाड कापडाच्या) तळव्यांवर बंदी आली, कारण ओला फेल्ट लवकर वाळत नाही आणि एका नदीतलं दुसऱ्या नदीत जातं.

पाणकावळा:
काल जाऊन आलो. प्रश्न कागदावर लिहून नेले होते, पण विचारायची वेळच आली नाही. गेल्या गेल्या ट्रे हातात दिला आणि म्हणाले, मोज. थर्मामीटरमध्ये २१ होतं, त्यामुळे रॉड कुणीच काढला नाही. वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत बसलेली कॅडिसची अळी पहिल्यांदा बघितली. मी तिला काडी समजून फेकणार होतो.

फोटोंचं विचारलंच. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “जुने आहेत. ते काढायचं म्हटलं की ज्यांचे आहेत ते रुसतात.” हॅचरीच्या विषयावर दोघांचं चांगलंच वाजलं, एक बाजू तर चहा टाकून उठून गेली. खडकाळ, तुमच्यामुळे.

वर्गणी भरली. गळांचे दात तिथेच बसून दाबले. तीन गळ मोडले, जोर जास्त लागला. आता अडचण बुटांची. माझे फेल्टचेच आहेत, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नदीवर न्यायचेत म्हणतात.

जुनीपक्कड:
ते नेऊ नका. रबरी तळव्यांचे कुणाकडून तरी मागून घ्या, क्लबात एखादा जोड पडलेला असतोच. आणि पकड गळाच्या पुढून लावा, आडवी नको. मोडणार नाहीत.