मदत हवी आहे: गार्डनसाठी सीएसआरचे (कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचे) पैसे कसे मिळवायचे?
नमस्कार मंडळी, ऐरोलीत राहतो, आमच्या सेक्टरच्या गार्डनचा निधी यंदा कमी केलाय म्हणे, माळीकाकांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालंच नाही, घसरगुंडीचा पत्रा खालून फाटलाय त्यावर कुणीतरी गोणपाट बांधलंय आणि पोरं त्यावरूनच घसरतात, बघून जीव वरखाली होतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, पर्यावरण त्यात बसतं, आणि ठाणे-बेलापूर रोडला कंपन्या काय कमी आहेत का. पण अर्ज सोसायट्यांनी करायचा की रजिस्टर्ड संस्थाच लागते? आणि गार्डन कंपनीला देखभालीसाठी दत्तक दिलं तर एन्ट्री फी लावायची नाही असं करारात लिहून घेता येतं का, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कामवाल्या मावशींची पोरंही तिथेच खेळतात. कुणाकडे अशा कराराचा नमुना असेल तर पाठवा प्लीज.