प्रतिसाद: लफवूडला वारसा का म्हणायचं?

ना शिखर, ना रंगीत काचा, मग खेड्यातल्या बाप्टिस्टांच्या (हा एक ख्रिस्ती पंथ) साध्या प्रार्थनाघराला ऐतिहासिक वारसा का म्हणायचं, असं वर एकांनी विचारलंय. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातलं लफवूड मीटिंग हाउस बघा. डालवूड गावाजवळ, दगडी भिंती, गवताने शाकारलेलं छप्पर. बाहेरून सरळ गोठा वाटावा. ते १९६९पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि माझ्या मते तो साधेपणा हाच जपण्यासारखा ऐवज आहे.

शेजारच्या किल्मिंग्टनच्या बाप्टिस्टांनी १६५३च्या सुमारास ते रानाच्या आडोशाला उभारलं. पुढे १६६४च्या कायद्याने अधिकृत चर्चबाहेर, घरच्यांखेरीज पाचांहून जास्त माणसांनी उपासनेला जमणं गुन्हा ठरवलं. १६८९मध्ये अशा उपासनेची सवलत मिळेपर्यंत या लोकांनी काय जोखीम पत्करली असेल! आत पांढऱ्या भिंती, बिनरंगाची लाकडी बाकं (ही मात्र अठराव्या शतकातली), उंच व्यासपीठ आणि जमिनीतच हौद. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने, पूर्ण पाण्यात बुडूनच घ्यायचा ही त्यांची श्रद्धा. तिच्यासाठीच तर छळ सोसला. म्हणून मला तो हौद कुठल्याही कोरीव खांबापेक्षा मोलाचा वाटतो.

आपला याच्याशी काय संबंध, असंही विचारलंय. धर्मप्रसारक विल्यम केरी याच पंथाचा. इंग्लंडमधल्या मोल्टन खेड्यात जोडे शिवत तो पाळकाचं काम करी. नंतर बंगालमध्ये श्रीरामपूरला त्याने १८०५मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१०मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. कोशासाठी वैजनाथ पंडितांची मदत होती, त्यांचंही नाव इथे घ्यायलाच हवं.