आधी सिंकखालच्या पाइपाचा झोळ काढा
सिंकमधून पाणी जाताना गुडगुड आणि वास येतो म्हणजे वेंटच (ड्रेनेजच्या पाइपात हवा खेळावी म्हणून गच्चीपर्यंत नेलेला पाइप) चोंदलाय असं काही जण म्हणतात, असू शकतं, पण गच्चीवर चढायच्या आधी सिंकखालचा तो पांढरा घड्यांचा वेस्ट पाइप बघा ना. आमच्याकडे प्लंबरने लांब पडलेला पाइप न कापता तसाच लोंबता ठेवून भिंतीतल्या पाइपात खुपसला होता, म्हणजे बॉटल ट्रॅपमध्ये (सिंकखालची बाटलीसारखी वाटी, जिच्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) एक पाणी, पुढे झोळात दुसरं आणि मधे हवा अडकलेली, मग पाणी उतरणार कसं! झोळात तर चहापत्तीचा काळा चिकट गाळ बसलेला. पाइप आखूड केला, मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर उतार दिला आणि भिंतीपाशी फटीत रबरी रिंग बसवली, गुडगुड त्याच दिवशी थांबली. एवढं करूनही वरच्या मजल्यावरून पाणी सुटल्यावर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जात असेल तर मात्र वेंटच तपासा.