अनुभव धागा: स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा

आजारपण, अपघात, व्यसन, कशामुळेही असो, कर्त्या वयात साध्या साध्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहायची वेळ तुमच्यावर किंवा घरात कोणावर आली असेल तर लिहा. नाव द्यायलाच पाहिजे असं नाही.

कोथरूड
मिस्टरांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरणं, चालताना पाय अडकणं याची तयारी होती. पण प्रामिपेक्सोल या पार्किन्सन्सवरच्या औषधाचा डोस वाढला आणि आयुष्यभर पै पैचा हिशोब ठेवणारा हा माणूस रात्र रात्र मोबाइलवर पैसे लावून रमी खेळायला लागला, एफडी मोडली, नातेवाईक म्हणाले या वयात काय हे थेर, आणि ते रडायचे, म्हणायचे अगं मला थांबताच येत नाहीये. न्यूरॉलॉजिस्टना सांगितलं तेव्हा कळलं की या गटातल्या औषधांनी काहींना असं होतं, जुगार, खरेदी, खाणं, लैंगिक इच्छा, कशाचाही अतिरेक. त्यांनी डोस हळूहळू उतरवला (एकदम बंद करायचा नसतो, मनाने तर नाहीच) आणि ते वेड गेलं. पैसे गेले ते गेले, पण लोकांनी त्यांच्या स्वभावावर जे बोलून घेतलं ते अजून त्यांच्या मनातून जात नाही. घरात कोणाला ही औषधं चालू असतील तर प्लीज लक्ष ठेवा, लाजेपोटी पेशंट स्वतः सांगत नाही.

हडपसर
दुसऱ्या बाळंतपणानंतर लघवी धरवतच नाही. बसने स्वारगेटला जायचं तरी आधी पाणी बंद, लक्ष्मी रोडची खरेदी तर सुटलीच. फिजिओने ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, बराच फरक आहे. बायकांनो, हे अंगावर काढू नका.

येरवडा
दारू. पगार आणि एटीएम कार्ड बायकोकडे, रिक्षापुरते पैसेसुद्धा मागून घेतो. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलोय, १९८६ पासून चालू आहे ते. पैसे मागायला लाज वाटते, पण सध्या हेच बरं आहे.

सदाशिव पेठ
४६ व्या वर्षी स्ट्रोक, उजवी बाजू गेली. बोलायला वेळ लागतो पण कळतं सगळं, तरी पाहुणे माझ्यासमोरच जाऊबाईंना विचारतात, "वहिनी जेवल्या का?" अहो मला विचारा ना. सुताराकडून पाटाला दोन स्टीलचे खिळे ठोकून घेतलेत, बटाटा त्यात रोवला की डाव्या हाताने चिरता येतो. कणीक मात्र एका हाताने नाही जमत, कोणाला जमली असेल तर सांगा.